दातांच्या शस्त्रक्रिया : भीती सोडावी, विलंब टाळावा

दात दुखू लागला म्हणजे आपल्याकडे प्रथम घरातली लवंग शोधली जाते. तिने भागले नाही, तर दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते. काही दिवस ठणका थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि एके सकाळी गाल सुजून आल्यावर मग दंतवैद्याची आठवण होते. या दिरंगाईच्या मुळाशी खर्चाचा व अंतराचा प्रश्न असतोच. परंतु त्याहून मोठा वाटा भीतीचा असतो. दात काढणे म्हणजे असह्य वेदना, रक्तस्राव, दृष्टीस धोका अशा समजुती सुशिक्षित घरांतूनही आढळतात. वस्तुतः तोंडाच्या बहुतेक शस्त्रक्रिया लहान, जागच्या जागी भूल देऊन होणाऱ्या आणि रुग्णास त्याच दिवशी घरी पाठविता येणाऱ्या असतात. त्या वेळेवर न केल्यामुळे जे घडते, ते मात्र अनेकदा गंभीर असते. यास्तव या शस्त्रक्रियांचे स्वरूप लोकप्रतिनिधी, शिक्षक व कर्मचारी यांनी समजून घेणे आणि गावापर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.

जुनी विद्या, नवी साधने

मुखरोगांची चिकित्सा आपल्या देशाला नवी नाही. सुश्रुतसंहितेत तोंडाच्या सात स्थानी होणाऱ्या ६५ रोगांची गणना केली असून शस्त्रांच्या यादीत दातांसाठी वापरावयाच्या दंतशंकूचा उल्लेख आहे. तथापि, वेदना थांबविण्याचे खात्रीचे साधन हाती नसल्यामुळे शतकानुशतके दात काढणे ही सहनशक्तीची परीक्षाच होती.

ही परिस्थिती पालटण्यात दंतवैद्यांचाच पुढाकार होता. अमेरिकेतील होरेस वेल्स या दंतवैद्याने १८४४ साली नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचा दात काढवून घेतला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८४६ साली, विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बॉस्टन येथील रुग्णालयात ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी करून दाखविला आणि शस्त्रक्रियेच्या इतिहासात नवे युग सुरू झाले. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिग्नोकेन हे औषध तयार केले. आज आपल्याकडे दात काढण्यापूर्वी हिरडीत जी सुई दिली जाते, तिच्यात बहुधा हेच औषध असते. सुई टोचल्यावर काही मिनिटांतच तेवढा भाग बधिर होतो, रुग्ण पूर्ण शुद्धीवर राहतो आणि दोन-तीन तासांत बधिरपणा उतरतो. शस्त्रक्रिया चालू असताना दाब जाणवतो, वेदना जाणवत नाहीत. हा भेद रुग्णाला आधी समजावून सांगितला, तर त्याची निम्मी भीती तेथेच ओसरते.

दात काढणे : केव्हा व कसे

दात काढणे हा पहिला उपाय नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. कीड वरवरची असेल तर ती साफ करून दात भरता येतो. कीड आतील मज्जेपर्यंत गेली असेल, तरी मुळाची पोकळी स्वच्छ करून दात वाचविता येतो. मात्र दाताचा फारसा भाग शिल्लक राहिलेला नसेल, हाडाचा आधार झिजून दात पूर्ण हलू लागला असेल, मूळ उभे चिरले असेल किंवा वेडावाकडा दात शेजाऱ्यांस अपाय करीत असेल, तर तो काढणेच हिताचे ठरते.

दाताचे मूळ जबड्याच्या हाडातील खोबणीत सूक्ष्म तंतूंनी बांधलेले असते. दंतवैद्य प्रथम हिरडी मोकळी करतो, मग हाडाची खोबण हळूहळू रुंदावत दात सैल करतो आणि शेवटी चिमट्याने बाहेर काढतो. रिकाम्या झालेल्या खोबणीत रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी म्हणजे जखम भरून येण्याचा पायाच होय. तिच्याच आधाराने पुढील काही आठवड्यांत हिरडी सांधते आणि काही महिन्यांत खोबण नव्या हाडाने भरते.

वरचा दात काढल्याने डोळ्यास अपाय होतो, ही समजूत निराधार आहे. दातांच्या संवेदना वाहून नेणारी मज्जा पाचव्या मस्तकमज्जेची शाखा आहे. दृष्टीची मज्जा दुसरी आहे. दोहोंचे मार्ग वेगळे आहेत. या गैरसमजापायी सडका दात वर्षानुवर्षे तोंडात बाळगणे मात्र प्रकृतीस निश्चितच हानिकारक आहे.

लहान मुलांच्या दुधाच्या २० दातांबाबत 'पडणारच आहेत' म्हणून केलेले दुर्लक्षही महागात पडते. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि कायमचा दात वाकडा येतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे येणारी दाढ तर दुधाची नसून कायमची असते. ती पडून पुन्हा येत नाही, हे पालकांना शिक्षकांनीच सांगितले पाहिजे.

अक्कलदाढेची अडचण

साधारणतः १७ ते २५ या वयात येणाऱ्या अक्कलदाढेस जबड्यात पुरेशी जागा नसली, तर ती आडवी किंवा अर्धवट अडकून राहते. अर्धवट उगवलेल्या दाढेवर हिरडीचा पापुद्रा राहतो. त्याखाली अन्नकण साठून सूज येते, तोंड उघडणे कठीण होते, प्रसंगी पू होतो. अशी दुखणी वारंवार उद्भवत असतील किंवा शेजारची दाढ किडू लागली असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. हिरडीला लहानसा छेद देऊन, आवश्यक तेवढे हाड कोरून आणि बहुधा दाढेचे तुकडे करून ती काढली जाते. नंतर टाके घालतात व ते साधारण आठवड्याने काढतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गालावर सूज अधिक दिसते आणि मग ती उतरते. खालच्या जबड्यातून ओठाची संवेदना वाहणारी मज्जा या दाढेच्या जवळून जाते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी क्ष-किरण छायाचित्र काढणे आवश्यक असते. क्वचित काही काळ ओठ बधिर राहू शकतो, हेही रुग्णास आधी सांगितलेले बरे.

गळू : दुर्लक्ष केल्यास जिवावर

किडलेल्या दाताच्या मुळाशी पू साठला की गळू होते. अशा वेळी केवळ प्रतिजैविक गोळ्या घेऊन भागत नाही, कारण साठलेल्या पुवात औषध पुरेसे पोहोचत नाही. छेद देऊन पुवाला वाट करून देणे आणि रोगाचे मूळ असलेल्या दाताचा बंदोबस्त करणे, हाच खरा उपचार होय. गालावर बाहेरून गरम शेक देण्याची प्रथा टाळावी.

खालच्या दाढांतील संसर्ग जिभेखाली व हनुवटीखाली पसरला, तर मान फुगते, जीभ वर उचलली जाते आणि श्वासमार्ग आवळला जाऊ शकतो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या विकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दातदुखीनंतर हनुवटीखाली घट्ट सूज, गिळताना त्रास, लाळ गळणे, आवाज बदलणे व ताप ही लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णास त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात हलविले पाहिजे. एका किडलेल्या दाढेपायी धडधाकट माणूस दगावू शकतो, हे सत्य गावातील प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी ठेवावे.

निखळलेला दात पुन्हा बसतो

शाळेच्या पटांगणात पडून मुलाचा पुढचा दात मुळासकट निखळला, तर तो फेकून दिला जातो. वास्तविक कायमचा दात पुन्हा त्याच खोबणीत रुजू शकतो. मात्र मिनिटामिनिटाला महत्त्व असते. दात मुळाला स्पर्श न करता वरच्या पांढऱ्या भागाने धरावा. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवावा. घासू वा पुसू नये, कारण मुळावरील जिवंत तंतू त्यामुळे नष्ट होतात. जमल्यास तो तेथेच खोबणीत बसवून मुलास रुमाल हलकेच चावून धरण्यास सांगावे. ते न जमल्यास दात दुधाच्या पेल्यात ठेवून ताबडतोब दंतवैद्याकडे न्यावे. अर्ध्या तासाच्या आत दात बसविल्यास यशाची शक्यता चांगली असते. कोरडा राहिलेला दात तासाभराने रुजण्याची आशा फारच कमी होते. दंतवैद्य तो शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधून ठेवतो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये, कारण त्यामुळे खालील कायमच्या दाताच्या अंकुरास इजा होते. ही माहिती प्रत्येक शाळेच्या प्रथमोपचार पेटीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

जबड्याचे अस्थिभंग आणि दुभंगलेले ओठ

मुखशल्यचिकित्सेचे क्षेत्र दातांपुरते मर्यादित नाही. दुचाकीच्या अपघातात जबडा मोडण्याचे प्रकार नेहमी घडतात. मार लागल्यावर वरचे व खालचे दात पूर्वीसारखे जुळत नसतील, तर जबड्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी. शुद्धीवर असलेल्या व मानेला इजा नसलेल्या रुग्णास पुढे झुकवून बसवावे, म्हणजे रक्त घशात न जाता बाहेर येईल. तोंड घट्ट बांधू नये. मोडलेले तुकडे टायटॅनियमच्या लहान पट्ट्या व स्क्रू यांनी जोडतात किंवा काही आठवडे दोन्ही जबडे तारेने बांधून ठेवतात. हनुवटीपर्यंत चेहरा झाकणारे शिरस्त्राण हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

ओठ वा टाळू दुभंगलेले बालक जन्मास आले की मातेने ग्रहण पाळले नाही, असा दोष तिच्या माथी मारला जातो. हा अन्याय थांबविला पाहिजे. गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत चेहऱ्याचे भाग एकमेकांस नीट न सांधल्यामुळे हे व्यंग उद्भवते. जगात साधारण ७०० जन्मांमागे एक बालक असे असते. ओठाची शस्त्रक्रिया सामान्यतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात आणि टाळूची साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान करतात. टाळू वेळेवर शिवली, तर मुलाची वाणी स्पष्ट होण्यास मोठी मदत होते. उशीर झाल्यास सानुनासिक उच्चार जडतात व पुढे शाळेत ते मूल मागे पडते. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. अंगणवाडी व शाळा तपासणीची पथके अशा बालकांना पुढील उपचारासाठी पाठवितात.

सुपारी, तंबाखू आणि न उघडणारे तोंड

आपल्या राज्यात तोंडाच्या आरोग्यापुढील सर्वांत मोठे संकट सुपारी व तंबाखू यांचे आहे. सुपारी, खर्रा, गुटखा यांच्या सततच्या सेवनाने गालाच्या आतील मऊ त्वचा पांढुरकी व ताठर होते, तिखट सोसवत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली या विकाराकडे वैद्यकीय जगताचे लक्ष वेधले होते. एकेकाळी प्रौढांत दिसणारा हा विकार आता शाळा-महाविद्यालयांतील मुलांतही आढळतो. आपली तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात की नाही, ही साधी चाचणी कोणालाही करता येते. तीन बोटे जात नसतील, तर तपासणी अवश्य करून घ्यावी.

हे ताठर पट्टे शस्त्रक्रियेने कापून तोंड काही प्रमाणात उघडता येते. परंतु त्यानंतर महिनोन् महिने तोंड उघडण्याचे व्यायाम करावे लागतात आणि सुपारी सुटली नाही, तर सारे श्रम वाया जातात. शिवाय यातील काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगजनक ठरविले आहे. 'मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो' हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. मिशरी लावणाऱ्या स्त्रियांनाही हाच धोका संभवतो. ती भाजलेली तंबाखूच होय.

दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गालात अथवा जिभेवर लागणारी गाठ, कारण नसता हलू लागलेला दात यांपैकी काही आढळल्यास दंतवैद्य त्या जागी भूल देऊन पेशींचा लहानसा तुकडा तपासणीसाठी काढतो. 'तुकडा काढला की कर्करोग पसरतो' या भीतीने अनेक जण ही तपासणी टाळतात. ती भीती अनाठायी आहे. निदान झाल्याखेरीज योग्य उपचार ठरविताच येत नाहीत. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या मोठ्या पाहणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू वा मद्य यांचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. त्या तपासणीचे मुख्य साधन प्रशिक्षित नजर हेच होते.

शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर

शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाने आपले आजार व औषधे दंतवैद्यास न लपविता सांगावीत. मधुमेह, रक्तदाब, हृदयाच्या झडपांचा विकार, रक्त न गोठण्याची व्याधी, कावीळ, गरोदरपण, पूर्वी एखाद्या औषधाची आलेली बाधा यांची माहिती महत्त्वाची असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. लहान शस्त्रक्रियेपूर्वी जागच्या जागी भूल द्यावयाची असल्यास, वैद्याने वेगळे सांगितले नसेल तर, उपाशी राहण्याचे कारण नाही.

दात काढल्यावर दिलेला कापसाचा बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावा. चोवीस तास जोराने चूळ भरणे, वारंवार थुंकणे, गरम पदार्थ खाणे वर्ज्य करावे. अन्यथा गुठळी निघून जाते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा भराव्यात. तंबाखू व विडी यांपासून काही दिवस तरी दूर राहावे. त्या निमित्ताने त्या कायमच्याच सोडल्या तर अधिक उत्तम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढल्यास अथवा रक्त थांबत नसल्यास पुन्हा दंतवैद्याकडे जावे.

काढलेल्या दाताची जागा दीर्घकाळ रिकामी ठेवू नये. शेजारचे दात कलतात व समोरचा दात खाली उतरतो. वृद्धांना कवळी बसविण्यापूर्वी हाडाचे टोचणारे कंगोरे घासून सारखे करण्याची लहान शस्त्रक्रिया उपयोगी पडते. स्वीडनमधील ब्रॅनमार्क यांनी १९६५ साली मनुष्याच्या जबड्यात टायटॅनियमचे कृत्रिम मूळ बसविण्यास प्रारंभ केला. ती पद्धती आज आपल्या शहरांतही रूढ झाली आहे, परंतु तिचा खर्च अद्याप पुष्कळ आहे.

गावाने काय करावे

जिल्हा रुग्णालयांत तसेच अनेक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक असतात. गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. कर्करोगासाठी १९४१ पासून कार्यरत असलेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश असून रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी करता येते. सोयी आहेत; रुग्ण तेथे वेळेवर पोहोचणे हा खरा प्रश्न आहे.

तो सोडविण्याचे काम ग्रामपंचायत व शाळा यांच्या आवाक्यातील आहे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात कोणत्या दिवशी दंतवैद्य उपलब्ध असतो, याचा फलक पंचायतीच्या कार्यालयावर लावावा. आशा स्वयंसेविकांनी घरभेटीच्या वेळी तंबाखू व सुपारी खाणाऱ्यांची नोंद करून त्यांना तपासणीस पाठवावे. शिक्षकांनी वर्षातून दोनदा मुलांचे दात पाहावेत आणि किडलेल्या दाढांची माहिती पालकांना द्यावी. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास मनाई आहे आणि राज्यात २०१२ साली गुटखाबंदी लागू झाली. या दोहोंची अंमलबजावणी गावाने डोळसपणे केली, तर पुढच्या पिढीतील कित्येक शस्त्रक्रियांची गरजच उरणार नाही. आठवडे बाजारात व जत्रेत उघड्यावर दात काढणाऱ्या, तारेने कच्चे दात बांधून देणाऱ्या अनोंदणीकृत व्यक्तींपासूनही लोकांना परावृत्त करावे. निर्जंतुक न केलेल्या हत्यारांतून कावीळ व एचआयव्ही यांसारखे रोग फैलावू शकतात.

दातदुखीचे रूपांतर गळूत, गळूचे रूपांतर प्राणसंकटात आणि एका पांढऱ्या चट्ट्याचे रूपांतर कर्करोगात होण्यास काही काळ जावा लागतो. तेवढा अवधी निसर्गाने आपणास दिलेला असतो. तो वाया जाऊ न देण्याची दक्षता गावातील जाणत्या मंडळींनी घेतली, तर अर्ध्या तासाच्या लहानशा शस्त्रक्रियेने पुष्कळ कुटुंबांवरील मोठी आपत्ती टळेल.